पदवीनंतर अर्ज कोठे करावेत? : एका यादीचा अभ्यास

आपल्या महाविद्यालयातून कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आणि पुढे एम.ए. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास "अर्ज कोठे केलास?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एका शब्दात मिळते. तो शब्द म्हणजे सोलापूर, क्वचित पुणे. दुसऱ्या ठिकाणी अर्ज का केला नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नसते. "माहीत नव्हते", "तारीख गेली", "तिथे आपल्याला कोण घेणार", "घरचे पाठविणार नाहीत" अशी उत्तरे मी गेल्या वर्षभरात तिसऱ्या वर्षाच्या ताई-दादांकडून ऐकली. यांतील शेवटचे सोडले तर बाकीची सर्व उत्तरे माहितीच्या अभावाची आहेत. आणि शेवटच्या उत्तरातही तो बराच असतो, असे माझे मत बनत चालले आहे.

प्रस्तुत लेखात अर्ज करावयाच्या ठिकाणांची यादी कशी बनवावी आणि तिच्यात समतोल साधणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी मी इतिहास हा माझाच विषय घेतला आहे, कारण ही यादी मला पुढील वर्षी खरोखरच वापरावयाची आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. यादी घरी कोणाकडून तपासून घेण्याची सोय नाही, म्हणून ती येथे सर्वांपुढे मांडते. प्राध्यापकवर्गाने तीत अवश्य दुरुस्त्या सुचवाव्यात.

अशा यादीचा विचार परदेशात फार पद्धतशीरपणे केला जातो. अमेरिकेत १९७५ साली पंधरा खाजगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक सामाईक अर्ज काढला. आज त्यात हजाराहून अधिक संस्था आहेत आणि त्यावरून एका विद्यार्थ्याला वीस ठिकाणांपर्यंत अर्ज करता येतो. तेथील शाळांतून मार्गदर्शन करणारे शिक्षक विद्यार्थ्याला यादीचे तीन भाग पाडावयास सांगतात. त्या तीन भागांना मी माझ्या सोयीसाठी उडीची, बरोबरीची आणि हक्काची अशी नावे दिली आहेत. जेथे प्रवेश मिळणे कठीण पण मिळाला तर उत्तम, ती उडीची ठिकाणे. आपल्यासारख्याच गुणांचे विद्यार्थी जेथे घेतले जातात, ती बरोबरीची. आणि जेथे जागा मिळणार याची जवळजवळ खात्री आहे, ती हक्काची. ब्रिटनमधील रीत याहून काटेकोर आहे. तेथे पदवीच्या प्रवेशाचे अर्ज 'यूकास' या एकाच संस्थेमार्फत जातात व त्यावर पाचच पसंत्या लिहिता येतात. ज्यांनी जागा देऊ केली त्यांतून विद्यार्थी एक पक्की निवडतो आणि दुसरी, कमी गुणांची अट असलेली, राखून ठेवतो. या दुसरीला तिकडे चक्क 'विम्याची' पसंती म्हणतात. आपल्याकडे बाजरीत तुरीचे तास टाकतात त्यामागची बुद्धी यापेक्षा वेगळी नाही. बाजरी गेली तरी तूर हाती लागते; फक्त शेतात जे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही, ते अर्ज भरताना आपल्याला सुचत नाही.

महाराष्ट्रात पसंतीक्रम हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशामुळे. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता. २०२५-२६ या वर्षापासून सर्व राज्यात लागू झाला. या अर्जात कमीत कमी एक व जास्तीत जास्त दहा कॉलेजांची नावे देता येतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशात हीच मर्यादा तीनशेपर्यंत आहे. दहा आणि तीनशे यांतील फरक केवळ आकड्याचा नाही, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेशावर एक छोटासा निबंध लिहिला. विद्यार्थ्यांचे पसंतीक्रम आणि महाविद्यालयांचे गुणवत्ताक्रम एकमेकांशी कसे जुळवावेत, म्हणजे कोणालाही फसल्यासारखे वाटणार नाही, याची रीत त्यात दिली आहे. (शॅप्ली यांना पुढे २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, गेल तेव्हा हयात नव्हते.) या रीतीचा एक गुण नंतरच्या अभ्यासकांनी सिद्ध केला तो असा, की विद्यार्थ्याने आपला खरा क्रम लपविण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. पहिल्या क्रमांकाचे कॉलेज न मिळाल्यास चौथ्या क्रमांकाच्या कॉलेजातील त्याचा हक्क कमी होत नाही. तेथेही तुलना गुणांचीच होते. म्हणून "वरचे मिळणारच नाही, मग पहिल्या क्रमांकावर मिळणारेच लिहू" हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. क्रम लावताना केवळ आवड पाहावी. गुणांचा विचार करावयाचा तो यादीत कोणाला घ्यावे हे ठरविताना, आणि तोही यादीची लांबी मर्यादित असते म्हणून. तीनशे नावे लिहिता येत असतील तर समतोल आपोआप साधतो. दहाच लिहिता येत असतील तर ती दहाही उडीची असून चालत नाही.

अकरावीच्या अर्जात आणखी एक मेख आहे. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर व्हावे लागते. आमच्या गावातील एका मुलाने "बघू तर खरं" म्हणून शहरातील एक कॉलेज पहिले लिहिले आणि नेमके तेच मिळाले. रोजचे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, शहरात राहण्याची सोय नाही. त्याने प्रवेश घेतला नाही आणि मग शेवटच्या फेऱ्यांची वाट पाहत बसला. म्हणजे यादीतील प्रत्येक नाव, मिळाल्यास जाता येईल असे हवे. ही अट साधी दिसते, परंतु पुढे एम.ए.च्या यादीत तिनेच माझी सर्वांत अधिक नावे खोडली आहेत.

एम.ए.ची गोष्ट मात्र अकरावीपेक्षा वेगळी आहे, कारण येथे एकच अर्ज, एकच यादी असा प्रकार नाही. दारे अनेक आहेत आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. (पी.जी.) ही सामाईक परीक्षा सुरू झाली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ येथे एम.ए.चा प्रवेश या परीक्षेच्या गुणांवर होतो. दिल्ली विद्यापीठ २०२३ पासून तीत आले. परीक्षा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, साधारण मार्चमध्ये होते. अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात भरावा लागतो. प्रश्न ७५, बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्यास एक वजा. येथे आपल्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी, की ही परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. गुण हाती आल्यावर ज्या ज्या विद्यापीठात जावयाचे त्या प्रत्येकाच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी करावी लागते, तिचे शुल्क वेगळे आणि तारखाही वेगळ्या. आपल्याकडील "तारीख गेली" या उत्तराचा उगम बहुतेक वेळा येथेच आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. पदवी प्रवेशाची सी.यू.ई.टी. मराठीसह तेरा भाषांतून देता येते, पण एम.ए.साठीची इतिहासाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. मी बारावीपर्यंत आणि येथेही सर्व इतिहास मराठीत शिकले. 'सरंजामशाही', 'वतन', 'मुलूखगिरी' हे शब्द मला जसे कळतात तसे त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द कळत नाहीत, आणि प्रश्नावर विचार करावयास एका मिनिटाहून थोडासाच अधिक वेळ मिळतो. हिंदीचा पर्याय घेतला तर लिपी ओळखीची आणि पारिभाषिक शब्द बरेचसे संस्कृतातून आलेले, म्हणून आपल्याला सोपे. परंतु केंद्रीय विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर वाचन इंग्रजीतच करावे लागणार. तेव्हा परीक्षा हिंदीतून आणि तयारीची निदान दोन पुस्तके इंग्रजीतून, असा मार्ग मी ठरविला आहे. याउलट आपल्याकडील राज्य विद्यापीठांत इतिहासाचे एम.ए. मराठीत उत्तरे लिहून करता येते. यादी करताना हा मुद्दा कोणत्याही तक्त्यात नसतो, पण मराठी माध्यमातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो पहिल्या ओळीचा आहे.

बाकीची दारे थोडक्यात सांगते. राज्य विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत कोठे विभागाची प्रवेश परीक्षा असते, कोठे पदवीचे गुण पाहतात. संलग्न महाविद्यालयांतील एम.ए.ला पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात (स्थापना १९८५) इतिहासाच्या एम.ए.ला पदवी पुरेशी असते, आणि तेथे जुलै व जानेवारी असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात.

ही दारे वेगवेगळी असणे हाच समतोलाचा गाभा आहे, असे मला वाटते. समजा, एखादीने चार विद्यापीठांत अर्ज केले आणि प्रत्येक ठिकाणी तिची शक्यता चारात एक आहे. आपला पहिला हिशेब असा होतो, की चार वेळा पाव म्हणजे एक, तेव्हा एक जागा नक्की. हिशेब तसा नसतो. एका ठिकाणी न मिळण्याची शक्यता तीन चतुर्थांश. चारही ठिकाणी न मिळण्याची शक्यता तीन चतुर्थांशाचा चार वेळा गुणाकार, म्हणजे २५६ पैकी ८१. शंभरात जवळजवळ बत्तीस वेळा हात रिकामेच. आणि हेही तेव्हाच खरे, जेव्हा चारही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतील. चारही विद्यापीठे एकाच सी.यू.ई.टी.च्या गुणांवर प्रवेश देत असतील, आणि त्या दिवशी ताप आला, केंद्रावर पोहोचावयास उशीर झाला किंवा प्रश्नपत्रिकाच अवघड निघाली, तर चारही दारे एकदम बंद होतात. मग चार अर्ज हे चार नसून जवळजवळ एकच असतात. एका विहिरीवर चार मोटा लावल्या म्हणून पाणी चौपट होत नाही. म्हणून यादीत निदान तीन प्रकारची दारे असावीत : एक सामाईक परीक्षेचे, एक विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेचे, एक पदवीच्या गुणांचे.

आता कागदपत्रांकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, पण जागा जातात त्या येथे. राज्यातील आरक्षणाचे प्रवर्ग आणि केंद्राचे प्रवर्ग एक नाहीत. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, इतर मागासवर्ग २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक १० टक्के अशी विभागणी असते. आपल्याकडील विमुक्त जाती, भटक्या जमातींचे अ, ब, क, ड हे प्रवर्ग तेथे नाहीत. त्यांतील ज्या जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत, त्यांनी तेथे त्या प्रवर्गातून अर्ज करावयाचा. राज्याचा २०२४ चा एस.ई.बी.सी. प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही. म्हणजे आपल्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलामुलींचा प्रवर्ग केंद्रीय अर्जावर बदलतो, आणि तो बदलला की कोणते ठिकाण उडीचे आणि कोणते बरोबरीचे हेही बदलते. इतर मागासवर्गीयांचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर चालत नाही. शिवाय तो चालू आर्थिक वर्षातील मागतात. अर्ज हिवाळ्यात आणि प्रवेश जून-जुलैत, मध्ये ३१ मार्च येऊन जातो. तेव्हा हा दाखला दोनदा काढण्याची तयारी ठेवावी. सेतू केंद्रात केंद्राचा नमुना हवा असे स्पष्ट सांगावे, नाही तर सवयीने राज्याचाच हाती पडतो.

पैशाचा विचार मी सर्वांत शेवटी करणार होते, पण घरात तो सर्वांत आधी झाला. सामाईक परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गास दोन विषयांपर्यंत हजाराच्या वर आहे, इतरांस थोडे कमी. त्यावर प्रत्येक विद्यापीठाची नोंदणी. सात ठिकाणी अर्ज करावयाचे तर दाखले, प्रती आणि जाणे-येणे धरून माझा अंदाज चार हजारांच्या घरात जातो. आईच्या रोजाच्या हिशेबात हे बारा-तेरा दिवसांचे खुरपण होते. तेव्हा "जास्त अर्ज, जास्त संधी" हे तत्त्व आपल्यासाठी सरसकट खरे नाही. प्रत्येक अर्जाने आपली किंमत वसूल केली पाहिजे.

पण अर्जाचा खर्च एक आणि शिक्षणाचा खर्च दुसरा, हेही वेगळे पाहावे. केंद्रीय विद्यापीठांचे शिक्षणशुल्क इतके कमी असते की घरी सांगितल्यावर कोणाचा विश्वास बसत नाही; खरा खर्च राहण्या-जेवणाचा. वसतिगृह मिळाले तर दूरचे विद्यापीठ जवळच्या शहरातील खोलीपेक्षा स्वस्त पडू शकते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरविलेली आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे वेळेवर जमा होत नाहीत ही सार्वत्रिक तक्रार आहे, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची सोय हातात ठेवूनच या योजनांवर भरवसा ठेवावा.

मुलींच्या बाबतीत 'घरचे पाठवितील का' हा यादीतील एक स्वतंत्र रकानाच करावा, असे मी सुचवीन. तो लाजून मनात ठेवला की यादी खोटी होते. मी वडिलांना हैदराबादचे नाव सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लांब हाय का जवळ ते ऱ्हाऊ दे. तितं पोरीला राह्यची सोय काय हाय, ते आधी सांग." अंतराचा प्रश्न त्यांनी केलाच नाही. सोलापुराहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, मुंबई सुमारे चारशे; आपल्या जिल्ह्याला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, ही गोष्ट आपण नकाशात पाहतो आणि विसरतो. सोलापुरातील विणकरांची किती तरी घरे तेलंगणाशी नाते राखून आहेत. वसतिगृहाची माहिती काढून आणली की परवानगीचा निम्मा प्रश्न सुटतो, हा माझा आतापर्यंतचा अनुभव आहे. उरलेल्या निम्म्याविषयी पुढील वर्षी सांगता येईल.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आणखी एक फाटा फुटला आहे. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आले. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करावे, की चौथे ऑनर्सचे वर्ष करून एका वर्षाचे, असा प्रश्न आपल्या तुकडीपुढे येईल. माझे मत तीन अधिक दोन असे आहे. नव्या विद्यापीठात, नव्या भाषेत रुळावयासच एक वर्ष जाईल. रुळलो की निघावयाचे, यात हशील नाही. ज्यांना याच गावात राहून शिकणे भाग आहे त्यांचे उत्तर निराळे असू शकेल.

आता प्रत्यक्ष यादी. उडीची दोन : जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ. दोन्ही एकाच परीक्षेवर, म्हणून यांना मी दीड अर्ज धरते. (हैदराबादचे विद्यापीठ १९७३ च्या सहासूत्री तोडग्यातून निघाले व १९७४ ला स्थापन झाले, तेलंगणाच्या चळवळीचा अभ्यास करावयाचा तर याहून योग्य जागा कोणती?) दिल्ली विद्यापीठ मी खोडले. वसतिगृहाची खात्री नाही आणि खोलीचे भाडे झेपणारे नाही, म्हणजे मिळूनही जाता येणार नाही. बरोबरीची दोन : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा इतिहास विभाग, आणि पुण्याचेच डेक्कन कॉलेज. १८२१ ची ही संस्था १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी देशभर ओळखली जाते.

हक्काच्या ठिकाणांविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण यादीत हीच सर्वांत निष्काळजीपणे भरली जातात. हक्काचे म्हणजे नावडते नव्हे. जेथे गेल्यावर दोन वर्षे मन लागणार नाही, ते ठिकाण हक्काचे म्हणून लिहिण्यात अर्थ नाही. विम्याचे पैसे हातात पडल्यावर ते चलनात चालले पाहिजेत. आपल्या सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ ची, एकाच जिल्ह्यासाठी झालेली. तेथील सामाजिक शास्त्रे संकुलात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विषय शिकविला जातो. आपल्या जिल्ह्यात शिलालेख, वीरगळ, बारवा पावलोपावली आहेत. तेव्हा क्षेत्रकार्य करावयाचे तर सोलापूर हे पुण्यापेक्षा सोयीचे ठरू शकते. हे कळल्यापासून माझ्या यादीतील सोलापूर शेवटच्या नावावरून बरेच वर सरकले. सहावे नाव जिल्ह्यातीलच एका संलग्न महाविद्यालयाचे, जेथे पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळेल आणि घरून जाऊन-येऊन शिकता येईल. सातवे मुक्त विद्यापीठ. नोकरी धरावी लागली तर तेच पहिले होईल.

या यादीच्या मागे जी माहिती जमा झाली, ती मी एका दोनशेपानी वहीत उतरविली आहे : विद्यापीठ, विषय, प्रवेशाची रीत, परीक्षेची भाषा, अर्जाचे शुल्क, वसतिगृह, लागणारे दाखले आणि तारखा. ग्रंथपालांच्या संमतीने ही वही ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीपाशी ठेवली आहे. इतिहासाची पाने भरली आहेत. मराठी, हिंदी, अर्थशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र यांची मथळे घालून कोरी सोडली आहेत; ती त्या त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी भरावीत. तिसऱ्या वर्षाच्या ज्या ताई-दादांनी यंदा अर्ज केले, त्यांनी शेवटच्या रकान्यात निकालही लिहावा. 'मिळाला नाही' असे लिहावयासही जागा ठेवली आहे, आणि किती गुणांनी हुकला तेवढे लिहिले तर फार उपयोग होईल. वहीतील तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या पेन्सिलीने लिहाव्यात.

— द्वितीय वर्ष कला (इतिहास)